मोहाच्या नाल्यातल्या जित्या खुंट्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पिपरखोरीचे सरपंच माननीय कैलासभाऊ. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून खास कारंज्याहून आलेले, आणि हा मंडप व हे कूलर स्वखर्चाने लावून देणारे प्रमुख पाहुणे, ठेकेदार माननीय धनंजयराव. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या वनपाल यामिनी काळबांडे मॅडम. वन समितीचे आजी-माजी सदस्य. मोह वेचणाऱ्या, तेंदू तोडणाऱ्या माझ्या मायबहिणी. आणि बाहेर निंबाखाली जे बसले आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत, कारण आत बसलं की टाळ्या वाजवाव्या लागतात, त्या सर्व मंडळींना माझा मनापासून नमस्कार.

मी अण्णाजी. पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, मोहाचा नाला पहाडातून उतरून गावाकडे वळतो तिथलं पहिलं शेत माझं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते किराणाच्या पुड्यांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर. त्यामुळे माझं ज्ञान मधूनमधून फाटलेलं आहे. सांभाळून घ्या.

माईक हातात देण्याआधी कैलासभाऊंनी मला जरा बाजूला घेतलं. म्हणाले, "अण्णाजी, चार शब्द मॅडमबद्दल बोलजा, चांगले बोलजा. फक्त नाल्याचं काही काढू नका." मी म्हटलं, "बाप्पा, लग्नाले बोलावलं अन् म्हणता नवरीचं नाव घेऊ नका!" मॅडम आल्या नाल्यासाठी, त्यांची चप्पल झिजली नाल्यात, गावाशी त्यांचं भांडण झालं नाल्यावरून आणि गोडी झाली तीही नाल्यावरूनच. मग बोलू कशावर? त्यांच्या अक्षरावर?

कैलासभाऊ, मान हलवू नका. पाणी प्या. चांगलंच बोलणार आहे.

पण आधी एक शंका. शंका हे आमच्या गावचं बारमाही पीक आहे. कपाशी एखाद्या वर्षी दगा देते, शंका देत नाही. तर शंका अशी, की या गावातून आजवर पुष्कळ माणसं निरोप घेऊन गेली. मास्तर गेले, नर्सबाई गेल्या, पोस्टमन रिटायर झाले. त्यांना आपण काय दिलं? नारळ, टॉवेल-टोपी, आणि हात फार सैल सुटला तर आलुबोंडा. आज मंडप आहे, कूलर आहेत, भरजरी शाल आहे, जेवणात मठ्ठा आहे, जिलेबी आहे. मला आपलं एवढंच विचारायचं आहे, जाणाऱ्या माणसाचा एवढा आनंद नेमका कोणाला झाला?

हसू नका हो. विचार करा. आणि येताना मारुतीच्या देवळामागे नजर टाकली असेल तर हाही विचार करा, की तिथं एक पिवळी जेसीबी उभी आहे. मॅडमच्या बदलीची बातमी आली त्याच आठवड्यात ती आली. योगायोग असेल. देवाच्या दारी योगायोगही होतात. पण तिच्याशेजारी जो फलक गाडला आहे त्यावर 'नाला खोलीकरण व संरक्षक भिंत' असं लिहिलं आहे, आणि तो नाला म्हणजे आपला मोहाचा नाला. म्हणजे मॅडमनी ज्यात आपल्याला कामाला लावलं, तोच.

असो. पाहुण्यांचा मान राखून मी मूळ विषयाकडे येतो.

मॅडम यायच्या आधीच्या आषाढातली गोष्ट. गावात पाऊस नुसता भुरभुर होता. पहाडावर मात्र ढग बसला तो उठेना. दुपारी जेवायला बसलो, भाकरी मोडली, आणि पहाडातून आवाज आला. आधी वाटलं हायवेवरचा ट्रक रस्ता चुकून इकडे आला. बाहेर येऊन पाहतो तर लाल पाणी, त्यात गोटे एकमेकांवर आपटताहेत, आणि सगळ्यांत पुढे एक उपटलेला पळस, मुळ्या वर करून, जसा काही वरातीचा मान त्याचाच. पाणी उतरलं तेव्हा माझ्या नाल्याकडच्या तुकड्यात काळी माती नव्हतीच. गिट्टी पसरलेली. मोह वेचणाऱ्या जयवंताबाईंचा गोठा गेला. गाय दावं तोडून पळाली म्हणून वाचली. माझ्या शेजारच्या तानबाच्या वावराचा काठ खचला आणि धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ थेट पुलाखाली जाऊन अडकली.

मग आपण काय केलं? सगळ्यांनी एका सुरात मागणी केली, भिंत बांधून द्या. सिमेंटची, उंच. आणि भिंतीऐवजी सरकारने आपल्याला ही बाई पाठवली.

मॅडम, तेव्हा तुम्ही गावाला अजिबात आवडला नव्हता. आज निरोपाच्या दिवशी खरं सांगायला हरकत नाही, कारण तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी आम्ही सगळे त्यांना पूल दाखवायला उभे, आणि या मात्र पुलाकडे पाठ करून पहाडाकडे निघाल्या. तानबा मागून ओरडला, "मॅडम, पाणी इथं घुसलं, तिकडं काऊन चालल्या?" यांनी वळून विचारलं, "तानबाजी, घर गळतं तेव्हा तुम्ही पाण्याखाली गंज-पातेलीच ठेवत बसता, की वर छपरावर चढून कवेलू पाहता?" तानबा म्हणाला, "आमी तं गंजच ठेवतो. कवेलू पाहाले चढलं तं आनखी दोन फुटते."

त्या उत्तरावर मॅडम पोटभर हसल्या. तेवढंच एक बरं वाटलं होतं.

पहाडावर त्यांनी काय दाखवलं? जे आपण जन्मभर पाहत आलो तेच. मोहाचं झाड, आणि झाडाखाली काळी, जळकी, उघडी जमीन. आपल्याकडची रीतच आहे. मोह पडायला लागला की झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे फूल पांढरं उठून दिसतं, वेचायला सोपं. आगीला काय, ती थोडीच झाडाखाली थांबते? ती उतारभर फिरून येते. मॅडम म्हणाल्या, पाला म्हणजे पहाडाची गोधडी आहे. पाऊस गोधडीवर पडला तर मुरतो, उघड्या अंगावर पडला तर ओघळतो, आणि जाताना अंगावरचं मांसही नेतो. ते मांस म्हणजे तुमच्या वावरात आलेली गिट्टी.

ऐकायला गोड होतं. आम्हाला गोड बोलण्याची फार भीती वाटते.

जयवंताबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनीच तेव्हा विचारलं, "पाला जाळू नको, मंग मोह काय हवेत वेचू?" मॅडम म्हणाल्या, झाडाखाली जुनी लुगडी अंथरा. त्यावर जयवंताबाई म्हणाल्या, "अवो बाई, अंथराले एवढी लुगडी असती तं मी मोह वेचाले कायले आली असती?"

 दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम खराटा घेऊन हजर. झाडाखालचा पाला झाडून उताराला आडवा रचला, वर दगड ठेवले. म्हणाल्या, असं करून पाहू. जयवंताबाईंनी पाहिलं, खराटा हातातून घेतला आणि म्हणाल्या, "झाडता येत नाई तुमाले. सरका." झाडलं नीट, पण घरी येऊन आम्हाला हळूच काय सांगितलं? सांगू का जयवंताबाई? सांगतो. म्हणाल्या, "अण्णाजी, धूर दिसला का वाघ येत नाई. धूर बंद करून राह्यली बाई. म्हंजे वाघाले जेवाचं आवतनच झालं ना!"

आणि तिथून आमच्या डोक्यात वाघ शिरला.

पाहुण्यांना हे हसण्यासारखं वाटेल. पण इथून बोरचं वाघांचं जंगल काही लांब नाही. वाघासाठी गावं उठल्याच्या गोष्टी आम्ही सोयऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या. त्यात मॅडम एकेक नवीन सांगत गेल्या. पाला जाळू नका. नाल्यात आडवं पडलेलं झाड ओढून आणू नका, तिथंच राहू द्या, पाणी त्याला अडून हळू होतं. आता नाल्यात पडलेलं वाळकं लाकूड म्हणजे गावच्या होळीचा हक्क, बापजाद्यांपासूनचा. तेही नाही! सगळ्याचा अर्थ आम्ही एकच लावला. जंगल दाट करायचं, मग वाघ सोडायचा, मग आपल्याला म्हणायचं, उठा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; आम्ही तर दुसऱ्याचं तोंड पोळलेलं ऐकूनच फुंकायला लागलो होतो.

आणि त्यात खुंट्या आल्या.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस पाहतो तर नाल्याच्या दोन्ही काठांना, थेट पहाडापासून माझ्या वावरापर्यंत, ओळीत खुंट्या ठोकलेल्या. अंगठ्याएवढ्या जाड, काही मनगटाएवढ्या. वरच्या टोकाला शेणाचा लेप. तानबानं पाहिल्या आणि सायकल टाकून पळत आला. "अण्णा, मोजणी झाली! हद्द आखली! शेणाची खूण करून ठेवली, म्हंजे कोनाले समजू नाई!" मी म्हटलं, "सरकार चुन्याची खूण करते, लाल रंग लावते. शेण काऊन लावन?" तो म्हणाला, "तेच तं! लपवाचं होतं म्हनून शेन!"

आता सांगा, यापुढे कोणाचं काय चालणार?

सारं गाव गेलं. बाया, माणसं, म्हातारे. भरदुपारी, ऊन डोक्यावर, कोणाची वाट पाहिली नाही. खुंट्या उपटत सुटलो. हद्द पुसायची होती ना आम्हाला! उपटता उपटता जयवंताबाई एकदम थांबल्या. हातातली खुंटी उलटी केली, डोळ्याजवळ नेली आणि म्हणाल्या, "अवो, थांबा थांबा. हे तं जितं हाय!"

खालच्या टोकाला पांढरी मुळं फुटली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. वरून शेणाखालून एक हिरवा कोंब. ती निरगुडी होती, आणि जाड खुंट्या सालईच्या. त्या ओळी म्हणजे कुंपण होतं, पण पाण्याला. मुळं एकमेकांत गुंतली की काठाची माती धरून ठेवतील, असा तो बेत. शेणाचा लेप कापलेलं टोक सुकू नये म्हणून. आपल्या बाया डाळिंबाच्या काडीला लावतात तसाच.

 तेव्हा जयवंताबाई म्हणाल्या, "वाघाची हद्द आखाले कोनी जित्या काड्या लावते का रे, तानबा?" तानबा म्हणाला, "मले काय इचारता? उपटल्या तं तुमीच पयले."

तेवढ्यात मॅडम आल्या. आता गुन्हा दाखल होणार, असं समजून अर्धं गाव पळसाच्या मागे. मॅडमनी सगळं पाहिलं. रागावल्या नाहीत, म्हणजे तोंडानं नाही. कान लाल झाले होते, मी पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मुळं उघडी पडलीत. पाणी मारा आणि आत्ताच्या आत्ता परत लावा. उद्या मरतील." आणि स्वतः खाली बसून कुदळ घेतली.

आम्ही लावल्या. भीतीनं लावल्या, भक्तीनं नाही, हे लक्षात घ्या. तानबानं तर इतक्या घाईनं लावल्या की त्याच्या अर्ध्या खुंट्या खालचं टोक वर. जयवंताबाई त्याला पावसाळाभर विचारत, "काय गा तानबा, तुह्या काड्या अजून शीर्षासनच करून राह्यल्या का?"

मंडळी, इथे एखादा वक्ता म्हणेल, आणि मग गावाचा संशय मावळला, आणि विश्वासाचा सूर्य उगवला. मी तसं म्हणणार नाही. संशय मावळला नाही. फक्त त्याला काम मिळालं. मॅडम काय करतात ते पाहायला आम्ही रोज कोणी ना कोणी वर जाऊ लागलो. पाळत ठेवायला म्हणून गेलेला माणूस रिकामा कसा उभा राहणार? दगड द्या हो जरा, म्हटलं की देत होतो. ओढ्याओढ्यात सुट्या दगडांचे बांध झाले, काट्याफाट्यांचे आडोसे झाले, पडलेली झाडं नाल्यात आडवी राहिली. कुठला दगड कुठे का ठेवला हे आम्ही इतक्या वेळा खोदून खोदून विचारलं, की शेवटी आम्हालाच पाठ झालं. विश्वास ठेवला असता तर घरी बसलो असतो आणि काहीच शिकलो नसतो.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा पहाडावर ढग बसला. तसाच काळा. मी छत्री घेऊन नाल्यावर गेलो तर तानबा आधीच पोतं पांघरून तिथं. मी म्हटलं, "तू काऊन आला?" तो म्हणाला, "तू काऊन आला?" दोघंही पाहायला गेलतो की बाईचं पितळ उघडं पडते का.

पाणी आलं. भरपूर आलं. पण चालत आलं, पळत नाही आलं. पहिल्या झाडाला अडलं, थांबलं, अंगावरचा गाळ खाली ठेवला, मग पुढे निघालं. पुढच्या बांधाशी पुन्हा तसंच. सोयऱ्याच्या घरी जाताना वाटेत प्रत्येक दारी चहा घेणारा माणूस असतो ना, तसं. माझ्या वावरापर्यंत पोहोचलं तेव्हा त्याच्यात जोरच नव्हता. तानबा म्हणाला, "अण्णा, हे पानी कुठंतरी दबा धरून बसलं असन. मांगून येईन." आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. मागून काही आलं नाही.

तरी मी अजून म्हणतो, एका पावसाळ्यानं काही सिद्ध होत नाही. मॅडमही तेच म्हणतात. खुंट्यांची झाडं व्हायला, मुळं खोल जायला वर्षं लागतील. एखादा मोठा लोंढा आला तर दोनचार बांध वाहूनही जातील, ते परत घालावे लागतील. बाळंतिणीचं काम आहे ते. जन्म दिला की संपलं असं नाही.

आणि नेमक्या या नाजूक वेळी मॅडमची बदली, आणि देवळामागे मशीन.

धनंजयराव, आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही पाहुणे आहात, तुमचा अवमान करायचा नाही. तुम्ही परवा माझ्या घरी आलात, माझ्या खाटेवर बसलात, सुपारी खाल्लीत, फार आपुलकीनं बोललात. मशीन वर न्यायला माझ्या धुऱ्यावरून वाट मागितलीत. नाल्यातली आडवी झाडं, काट्या, बांध हा सगळा 'अडथळा' काढून नाला खोल करायचा आणि खाली भिंत बांधायची, असं समजावलंत. मी एकच विचारलं होतं, की त्या बांधांमागे जो मुरूम आणि वाळू साचली आहे, ती खोदल्यावर कुठं जाणार? तुम्ही म्हणालात, काठावर टाकू. चहा आल्यावर म्हणालात, गावच्या रस्त्याला वापरू. आणि निघताना चप्पल घालता घालता तुमचा मुकादम फोनवर कोणाला तरी सांगत होता, की हायवेच्या कामावर माल वेळेत पोहोचेल.

धनंजयराव, मुरूम एक आणि पत्ते तीन! आता माझ्यासारख्या माणसानं काय समजावं? मी असं म्हणत नाही की तुमच्या मनात काही आहे. मी एवढंच म्हणतो, की गूळ ठेवला की मुंगळे येतात, आणि आमचा नाला रिकामा होता तोवर कोणाला त्याची आठवण आली नव्हती.

कैलासभाऊ, झालंच. घड्याळ मलाही दिसतं.

तर मी मनाशी पक्कं धरून चाललो होतो की मॅडमना धनंजयरावांनीच हलवलं. कालपर्यंत निंबाखाली हेच बोललं जात होतं. म्हणून आज सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. सामान बांधून ठेवलं होतं. मी सरळ विचारलं, "बाई, कोणी केली तुमची बदली? नाव सांगा. आज माईक माझ्याच हातात येणार आहे."

त्या म्हणाल्या, "मीच मागितली, अण्णाजी."

"असं म्हणा म्हणून कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझे बाबा सिंदीला असतात. घसरून पडले, कंबरेचं हाड मोडलं. आईच्यानं एकटीनं उचलवत नाहीत. म्हणून विनंती करून तिकडे मागून घेतली."

मी विश्वास ठेवला असेल असं वाटतं का तुम्हाला? माझा साळा सिंदीला स्टेशनजवळ राहतो. बाहेर येऊन त्याला फोन लावला. म्हटलं, काळबांडे म्हणून कोणी तिकडे पडले का रे? तो म्हणाला, "हो भाऊजी, माधवराव काळबांडे. बिचारे खाटेवरच हायेत."

मॅडम, माफ करा, तुम्हाला हे आत्ताच कळतंय. पण खात्री केलेली बरी असते.

खरं सांगू? बातमी खरी निघाली आणि माझी पंचाईत झाली. बाईंना कोणी घालवलं असतं तर भांडायला सोपं होतं. समोर शत्रू, हातात माईक. पण लेक बापाकडे चालली आहे, तिला कोण अडवणार, आणि कोणावर रागावणार? मी परत आत गेलो. म्हटलं, "बाई, आता मशीन कोण थांबवणार?"

त्या म्हणाल्या, "अण्णाजी, मी राहिले असते तरी थांबवू शकले असतेच असं नाही. पहाडाच्या पायथ्यापासून खालचा नाला आमच्या खात्यात येतच नाही. मला जे सांगायचं होतं ते मी वर कळवलं आहे. पण मशीनला नाल्यात उतरायला दोनच वाटा आहेत. एक तुमच्या धुऱ्यावरून, एक तानबाजींच्या." मी म्हटलं, "मग आम्ही काय करावं?" तर म्हणतात, "ते मी सांगणार नाही. मी गेल्यावर 'बाईनं सांगितलं म्हणून केलं' असं म्हणायची सोय तुम्हाला ठेवणार नाही."

पाहा! जाता जाता गाठोडं माझ्याच डोक्यावर.

आता जे बोलतो ते मॅडमनी सांगितलेलं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. धनंजयरावांनी मला कबूल केलं होतं, की वाट दिली तर माझ्या गिट्टीच्या तुकड्यावर काळी माती टाकून ते सपाट करून देतील, फुकटात. मला तो तुकडा सपाट हवा आहे. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी मी त्या गिट्टीतले चार गोटे वेचून बाहेर टाकतो. दोन दिवस मी 'हो' म्हणावं की 'नाही' याच विचारात होतो, आणि माझ्या बायकोला विचाराल तर ती अजूनही 'हो' म्हणते.

पण धनंजयराव, माझ्या धुऱ्यावरून मशीन जाणार नाही.

पुलाजवळ शाळेच्या बाजूला भिंत बांधा, ती हवीच आहे, तिथं जायला सरकारी रस्ता आहे, गाव चहा पाजील. वरच्या नाल्याला हात लावू नका. तुमचं काम खरोखर भिंतीचंच असेल, तर एवढ्यानं तुमचं काही बिघडत नाही. बिघडलं, तर ते का बिघडलं हे आम्ही निंबाखाली बसून काढू.

टाळ्या थांबवा. कारण अजून दुसरी वाट आहे, आणि ती तानबाची. माझं दार लावून काय उपयोग, शेजारचं उघडं असेल तर? तो बाहेर निंबाखाली आहे. तानबा! अरे ऐकतोस ना? भोंगा तिकडेच लावला आहे. तुह्या धुऱ्याचं काय? धनंजयराव तुह्या घरीही आले होते म्हणतात.

हा, दारात आला. माईकची गरज नाही त्याला. काय म्हणतो? मोठ्यानं बोल.

"माह्या धुऱ्यावर मी कालच बोराट्या टाकल्या."

ऐकलं? काटे टाकले म्हणतो, कालच. काऊन रे, मला न विचारता?

"तुह्यावर भरवसा नवता! मी म्हटलं, अण्णाले वावर सपाट पाह्यजे. तो वाट देते, अन् मंग नाव माह्यावर ढकलते."

बरं, बरं. हसून घ्या सगळे. माझ्यावर नाही तर नाही, मॅडमवर तरी आता भरवसा बसला ना?

"बाईवरबी नाई. बाई म्हनते पानी हळू येईन. आतापावतर एकच पावसाळा पाह्यला. खरं का खोटं, आनखी दोनचार पावसाळे पाहाचं हाय मले. नालाच खोदून नेला तं पाहू कायले?"

मॅडम, तुम्ही डोळे पुसू नका. तानबानं तुमच्याबद्दल याहून चांगलं बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि कदाचित इतर कोणाहीबद्दल नाही. तुम्ही सिंदीला जा, वडिलांना उभं करा, त्यांना या गावचा नमस्कार सांगा. इथल्या बांधांची काळजी करू नका. ते चांगले आहेत म्हणून गाव राखेल असं मी म्हणत नाही. ते चांगले आहेत की नाही याचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही, एवढं नक्की. तुमच्या जागी जे कोणी येतील त्यांनाही आजच कळवून ठेवतो, की या गावात पहिली दोन वर्षं तुमच्यावर संशय घेतला जाईल. मनाला लावून घेऊ नका, वर चढून कामाला लागा.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आणि दिल्यावर पस्तावूनही माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. मंडप आणि कूलर धनंजयरावांचे. त्यांच्याच गारव्यात बसून हे सगळं बोललो, तेव्हा त्यांचेही आभार. आपण सर्वांनी एवढा वेळ माझं म्हाताऱ्याचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे.

बोलण्याच्या ओघात काही उणंदुणं तोंडून गेलं असेल, तर यामिनी मॅडमनी ते इथेच सोडून जावं, सिंदीपर्यंत नेऊ नये. कैलासभाऊंनी पोटात घालावं. धनंजयरावांनी मात्र कृपा करून लक्षात ठेवावं.

नमस्कार.